हळदीवरचा आळ

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी हिशेब लिहिते. सतरा वर्षं झाली. त्यातली बारा वर्षं मी हळदीवर आळ घेतला होता. सकाळी उठल्या उठल्या पंधरा-वीस शिंका, नाकातून पाण्याची धार, डोळे चोळून चोळून लाल, टाळू आतून खाजायची ती जिभेनं खरवडायची. दुपारपर्यंत नाक असं बंद, की फोनवर बोलले तर पलीकडच्याला वाटावं रडून उठलीय. हळदीच्या दुकानात बसणाऱ्या बाईला हे होतंय म्हटल्यावर दुसरं कारण कोण शोधणार? सौद्याच्या वेळी पोती सोडतात, ढीग ओततात, पिवळा धुरळा उन्हाच्या तिरपीत तरंगत राहतो. आमचे हमालमामा म्हणायचे, "ताई, तुमास्नी हळद सोसत न्हाई. मालकास्नी सांगून गुळाकडं बदली घ्या." आमच्या मालकांचा गुळाचा धंदाच नाही, हा भाग वेगळा.

उपाय सगळे झाले. नाकात तूप, वेखंडाचा लेप, वाफारा. सासूबाई रोज रात्री हळद घालून दूध द्यायच्या. ज्याच्यावर आळ तेच पेल्यातून पोटात. मेडिकलमधून शिंकांची गोळी, ती घेतली की आकडे डोळ्यांपुढं पोहायचे, एकदा तर सतरा हजाराचे एकाहत्तर हजार लिहून बसले होते. मग नाक मोकळं करणारे थेंब. ते दोन मिनिटांत काम करतात म्हणून बाटली पर्समध्येच असायची. चार-पाच दिवसांच्या वर ते वापरायचे नसतात हे पुढं कळलं. थेंबांची सवय लागली की उतार पडल्यावर नाक आधीपेक्षा जास्त सुजतं आणि माणूस पुन्हा थेंब घालतं. मी तीन वर्षं घालत होते.

आणखी एक गोष्ट केली, ती लिहायला लाज वाटते. पावसाळ्याच्या तोंडावर कमरेत एक सुई घ्यायची आणि तीन महिने आराम, असं एका ठिकाणी मिळायचं. लोक तिला 'ॲलर्जीचं इंजेक्शन' म्हणायचे. लागोपाठ दोन वर्षं घेतली. दुसऱ्या वर्षी साखर तपासली तर वाढलेली. त्या सुईत अंगात हळूहळू विरघळत राहणारं स्टेरॉइड असतं, ॲलर्जीचं मूळ त्यानं हलत नाही, साखर आणि हाडं मात्र हलतात. पुढं जी इंजेक्शनं मी तीन वर्षं घेतली त्यांचा या सुईशी काही संबंध नाही. ओळखीतले लोक अजूनही दोन्ही एकच समजतात, म्हणून आधीच सांगून ठेवते.

गावभागात आमचं जुनं घर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी खालच्या मजल्यात शिरलं. आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी ओसरलं, गाळ उपसला, पण भिंतींनी ओल सोडली नाही. दिवाळीपर्यंत कपाटामागं बुरशीचे काळे ठिपके. त्या हिवाळ्यात माझ्या छातीतून पहिल्यांदा शिट्टी वाजली. आणि पुढच्या वर्षी कोविड आला. २०२० साली भर यार्डात लागोपाठ बारा शिंका देणारी बाई म्हणजे काय, ते ज्याला शिंका आल्या त्यालाच कळेल. समोरचा व्यापारी बिलाचा कागद टेबलावर टाकून दहा पावलं मागं सरकून उभा राहायचा. दोनदा तपासणी झाली, दोन्हीदा निगेटिव्ह. मालक शेवटी म्हणाले, "वहिनी, एकदा मिरजेला दाखवून या. खर्चाचं बघू."

दुखणं हट्टाला पेटलं की सांगलीकर मिरजेला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथं मिशनचा दवाखाना काढला, तेव्हापासूनची ही वहिवाट. मी ज्यांच्याकडं गेले त्या डॉक्टर माझ्याच वयाच्या. मी हळदीचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "जास्त त्रास कोणत्या महिन्यांत होतो?"

"बारा महिने," मी म्हटलं.

"हिशेब लिहिता ना तुम्ही? मग हिशेबानं सांगा."

हे मला लागलं. घरी आले आणि फाइल काढली. औषधाची बिलं मी टाकत नाही, तारखेनं टोचून ठेवते. तीन वर्षांची बिलं महिन्यावार लावली, खतावणी करतात तशी. जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत प्रत्येक महिन्याला चार-पाच बिलं, दिवाळीच्या आगेमागे तर सात. आणि मार्च-एप्रिलमध्ये? एखादं. एका वर्षी एप्रिलमध्ये एकही नाही. आता हळदीचा हंगाम बघा. नवी हळद जानेवारी-फेब्रुवारीला यायला लागते आणि मार्च-एप्रिलला यार्डात पाय ठेवायला जागा नसते. म्हणजे हळद सर्वांत जास्त उडत होती तेव्हा मी सर्वांत बरी होते. बारा वर्षं ही नोंद माझ्याच कपाटात होती.

ॲलर्जी कशाची ते कातडीवर टोचून बघायचं ठरलं. त्या चाचणीच्या आधी सात दिवस शिंकेची गोळी बंद करायला सांगितली. गोळी अंगात असेल तर कातडी उत्तरच देत नाही. नाकातला स्टेरॉइडचा फवारा चालू ठेवला तरी चालतं. त्या सात दिवसांबद्दल इतकंच सांगते, की घरात टॉवेल पुरले नाहीत. निघताना दुकानातून राजापुरी हळदीची एक पुडी बांधून घेतली. मनातून आळ अजून गेला नव्हता.

दोन्ही हात पालथे नव्हे, उताणे टेबलावर ठेवायचे. सिस्टरनी कोपरापासून मनगटापर्यंत बॉलपेनानं आकडे घातले, दोन्ही हात मिळून बत्तीस. प्रत्येक आकड्याशेजारी एक थेंब: धुळीतले किडे, झुरळ, कुत्र्या-मांजराचे केस, बुरशीचे प्रकार, गवतांचे आणि झाडांचे परागकण, त्यात गाजर गवत आणि वेडी बाभूळही. मग प्रत्येक थेंबातून बारीक टोकानं कातडीला नुसतं टोचायचं. रक्त येत नाही, दुखतही नाही, मुंगी चावल्यासारखं. दोन थेंब ताळ्याचे असतात. एक साधं मिठाचं पाणी, तिथं काही उठायला नको. दुसरा हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत खाज-सूज आणणाऱ्या रसायनाचा, तिथं उठायलाच हवं. हे मला फार आवडलं. ताळा असल्याशिवाय हिशेबावर विश्वास ठेवू नये.

मी पुडी पुढं केली. डॉक्टर हसल्या, पण त्यांनी चिमूटभर हळद मिठाच्या पाण्यात कालवली आणि तेहतिसावा आकडा घातला.

पंधरा-वीस मिनिटं हात न खाजवता बसायचं. सातव्या मिनिटाला डाव्या हातावरचे दोन आणि तीन नंबर भाजल्यासारखे पेटले. पांढरी गांध, तिच्या कडा फुटून वेड्यावाकड्या पसरलेल्या, भोवती लाल कडं. साध्या पाण्यापेक्षा तीन मिलिमीटरनं किंवा जास्त उठली तर ती धरतात. दोन नंबर नऊ मिलिमीटर, तीन नंबर सात. झुरळ चार. एक बुरशी जेमतेम तीन. गाजर गवत काही नाही. हळदीच्या जागी फक्त पिवळा डाग, आणि तो पुसल्यावर नुसती कातडी.

"धुरळा कुणाच्याही नाकात गेला की शिंका येणारच," डॉक्टर म्हणाल्या. "ती नाकाची झाडलोट. मास्क लावा, संपलं. तुमची ॲलर्जी घरी आहे, गादीत."

उरलेली हळद मी त्याच रात्री आमटीत घातली.

दोन आणि तीन नंबर म्हणजे धुळीतले माइट. दोन जातींचे. कोळी आणि गोचिडीच्या गोतावळ्यातला आठ पायांचा जीव, लांबी मिलिमीटरचा साधारण तिसरा भाग, म्हणजे डोळ्यांना दिसत नाही. आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीच्या कोंड्यावर जगतो. चावत नाही. पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषून घेतो, म्हणून दमट दिवसांत फोफावतो आणि कोरड्या उन्हाळ्यात मरतो. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. जुलै ते नोव्हेंबर. माझ्या बिलांशी तारीख न् तारीख जुळत होतं.

आणि घरात काय होतं? तीन कापसाच्या गाद्या. दर दोन वर्षांनी दिवाळीच्या आधी पिंजाऱ्याला बोलवून अंगणात त्या पिंजून घ्यायची आमची रीत, आणि तो कापूस धुनकताना शेजारी उभं राहून देखरेख करणारी मी. शिवाय माझ्या आजीनं नऊवारी पातळांची शिवलेली गोधडी. सर्दीनं बेजार झाले की मी तीच डोक्यावरून घेऊन पडायची. डॉक्टरांनी विचारलं, "किती वर्षांची आहे?" मी म्हटलं, "माझ्यापेक्षा मोठी." त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

उपचार तीन तऱ्हेचे असतात असं त्यांनी सांगितलं. पहिला, कारणापासून लांब राहणं. गादी-उशीला घट्ट विणीच्या चेनवाल्या खोळी, चादरी ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात धुणं, ओल कमी करणं. एवढ्यानं थोडाच फरक पडतो, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. दुसरा, औषधं: नाकातला फवारा नीट मारायला शिकणं, लागेल तशी झोप न आणणारी गोळी. फवारा नाकाच्या मधल्या पडद्यावर मारायचा नसतो. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, टोक बाहेरच्या बाजूला, मान खाली. मी आजवर मान वर करून तो घशात पाडत होते. तिसरा उपचार इम्युनोथेरपी, म्हणजे ज्याचं वावडं आहे त्याचाच अर्क अंगाला हळूहळू वाढत्या मात्रेत देत राहायचं. तीन ते पाच वर्षं.

हे ऐकून आमचे हे म्हणाले, "ज्यानं त्रास होतोय तेच टोचून घ्यायचं?" प्रश्न रास्त होता. मला समजलं ते असं. यार्डात नवा हमाल आला की तिथली कुत्री त्याच्यावर तुटून पडतात. आमच्यावर भुंकत नाहीत, कारण आम्ही रोजचे. माझ्या अंगात आयजीई नावाची प्रतिद्रव्यं माइटच्या नावानं तयार होऊन काही पेशींवर दबा धरून बसलेली असतात. माइटचा कण आला की त्या पेशी फुटतात, हिस्टामिन सांडतं, शिंका सुरू. गोळी फक्त भुंकणं ऐकू येऊ देत नाही. इंजेक्शनानं मात्र तो कण रोजचा होतो. शरीर आयजीजी-४ नावाची दुसरी प्रतिद्रव्यं करतं, ती कणाला वाटेतच गाठतात. शिवाय प्रतिकारशक्तीला आवरून धरणाऱ्या पेशी वाढतात. आयजीई लगेच कमी होत नाही, सुरुवातीला उलट वाढूही शकतं.

जाता जाता एक. माझ्या नणंदेनं एका प्रयोगशाळेतून रक्ताची मोठी 'फूड ॲलर्जी' चाचणी करून घेतली होती आणि तीस पदार्थ सोडले होते, त्यात शेंगदाणे, गहू, दही. त्या अहवालात मोजलं होतं ते आयजीजी. ते तर पदार्थ अंगवळणी पडल्याची खूण असते! ॲलर्जी त्यानं ठरत नाही. नणंदबाई आता पुन्हा भडंग खातात, शेंगदाणे वेचून न टाकता.

हा उपचार नवा असेल असं मला वाटलं होतं. १९११ सालचा निघाला. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड नून या डॉक्टरनं गवताच्या परागकणांचा अर्क करून रोग्यांना टोचला आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. त्याला वाटत होतं, परागकणात एक विष असतं आणि आपण त्या विषाविरुद्ध लस देतोय. विषबिष काही नव्हतं. आयजीई सापडायलाच १९६६-६७ उजाडलं. म्हणजे नोंद चुकीची आणि ताळा बरोबर. दोन वर्षांत, १९१३ साली, नून क्षयानं गेला आणि त्याचा सहकारी जॉन फ्रीमन यानं काम पुढं नेलं. असा हिशेब मालकांपुढं ठेवला असता तर मला कामावरून काढलं असतं.

इंजेक्शन की जिभेखालचे थेंब, हे ठरवायचं होतं. थेंब घरी रोज घ्यायचे, भयंकर प्रतिक्रियेचा धोका फार कमी. परदेशात माइटच्या गोळ्याही मिळतात, अमेरिकेत २०१७ साली त्यांना परवानगी मिळाली. इंजेक्शनाला दवाखान्यात जायचं आणि प्रत्येक वेळी अर्धा तास बसायचं. मी स्वतःला ओळखते. रोजचा नेम माझ्याकडून होत नाही, पण वार ठरला तर मोडत नाही. इंजेक्शन घेतलं. त्याआधी फुंकर मारायची फुप्फुसांची चाचणी झाली, कारण दमा आटोक्यात नसेल तर हे सुरूच करत नाहीत. रक्तदाबाची कोणती गोळी आहे का तेही विचारलं. भयंकर प्रतिक्रिया आली तर ॲड्रेनॅलिन टोचतात, आणि काही गोळ्यांमुळे ते नीट लागू पडत नाही.

कुपीत फक्त माइट घातले. झुरळ, बुरशी का नाही, असं मी विचारलं. पैसे देतोय तर सगळंच घ्यावं, हा व्यापारी विचार. डॉक्टर म्हणाल्या, "कातडीवर उठलं म्हणजे त्रास त्याचाच असं नसतं. आणि बुरशीच्या अर्कातली विकरं दुसरे अर्क खाऊन टाकतात."

फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरुवात केली. दर शुक्रवारी साडेपाचला दुकानातून सुटून स्कूटीनं मिरज. चार कुप्या, प्रत्येक आधीच्या दसपट कडक. पहिलीतला अर्क इतका पातळ, की सासूबाई म्हणाल्या, "पाणीच टोचतात की गं!" दंडाच्या मागच्या-बाहेरच्या बाजूला, कातडीखाली, बारीक सुई. एका शुक्रवारी डावा दंड, पुढच्या शुक्रवारी उजवा. तिसऱ्या कुपीपासून जागा सुजायची, पुरीएवढी, खाज यायची, दुसऱ्या दिवशी उतरायची. बर्फ लावायचा. त्या संध्याकाळी जड काम, पळापळ करायची नाही.

तो अर्धा तास हीच या उपचाराची खरी किंमत. बाकड्यावर ठरलेली माणसं. सतारमेकर गल्लीतले एक चाचा होते. त्यांना आयुष्यभर वाटायचं, भोपळ्याच्या आणि लाकडाच्या भुशानं होतंय. निघालं गाजर गवत. ते गवत पन्नासच्या दशकात पुण्याला पहिल्यांदा लोकांच्या नजरेला आलं, अमेरिकेच्या गव्हातून आलं असं मानतात, आणि आज आमच्या यार्डाच्या कुंपणापासून मिरजेच्या रुळांपर्यंत सगळीकडं आहे. चाचा म्हणायचे, "आमचा भुसा पाक, तुमची हळद पाक. उगाच बदनाम केलं बिचाऱ्यांना." तीस मिनिटं झाल्याशिवाय ते कुणाला उठू द्यायचे नाहीत. दवाखान्याचे नसून दवाखान्याचे.

जुलै २०२१ ला पुन्हा पूर. आम्ही सामान वर चढवून बहिणीकडं विट्याला. तीन शुक्रवार बुडाले. परत गेले तर मात्रा दोन पायऱ्या खाली आणली. चिडले मी. पाच महिने चढून दोन पायऱ्या खाली! पण खंड पडला की शरीर विसरायला लागतं, आणि मोठी मात्रा एकदम दिली तर अंगावर येते. सप्टेंबरअखेर पूर्ण मात्रेला पोचले, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्यातून एकदा.

आता तो दिवस. मार्च २०२२ चा शेवटचा आठवडा. हिशेबाच्या धंद्यातल्या माणसाला मार्च एंड म्हणजे काय ते सांगायला नको. आदल्या रात्री छातीत बारीक शिट्टी होती. नवी कुपी उघडायची होती म्हणून मात्रा थोडी कमीच दिली जाणार होती. सिस्टरनी नेहमीचं विचारलं, "ताप? दम? मागच्या वेळी सूज?" मी तिन्हींना नाही म्हटलं. दम आहे म्हटलं असतं तर परत पाठवलं असतं, आणि मिरजेची फेरी वाया गेली असती. ते एक 'नाही' मी जाणूनबुजून खोटं लिहिलं.

वीस मिनिटं झाल्यावर मी पर्स उचलली. दुकानात मालक थांबले होते. चाचा म्हणाले, "ताई, दहा मिनिटं आहेत अजून." मी म्हटलं, "आज जाऊ द्या चाचा." ते म्हणाले, "बसा." आवाजात असं काही होतं की बसले. दोन मिनिटांत तळहात खाजायला लागले. मग कान गरम. मग घशात गोळा आल्यासारखं, खोकला, आणि मनात एकाएकी दाटून आलेली भीती, जिला कारण सापडेना. चाचांनीच सिस्टरना हाक मारली.

पुढचं फार भराभर झालं. आडवं केलं, पाय उंच, ड्रेसवरूनच मांडीत ॲड्रेनॅलिन. हृदय असं धडधडलं की टेबल हलतंय वाटलं, हात थरथरत होते. पण पाच मिनिटांत घसा सुटला. प्राणवायू लावला, रक्तदाब पुन्हा पुन्हा घेतला. चार तास तिथंच ठेवलं, कारण काही जणांना थोड्या तासांनी दुसरी लाट येते. स्कूटीवर असते तर? वाटेत कुठं तरी, एकटी. हा विचार मी पुष्कळ दिवस टाळला. डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "खातं तुमचं आहे, खरं लिहा." आमचे हे आले तेव्हा मी रडत होते, आणि पहिलं काय बोलले असेन तर, "अहो, मालकांना फोन केलात का?"

सासूबाईंनी जाहीर केलं, "बास आता. नाक वाहिलं तर वाहू दे, माणूस तरी राहील." दोन आठवडे मीही बास म्हणत होते. मग पुन्हा बिलं काढली. आदल्या जुलै ते नोव्हेंबरातली बिलं: नऊ. त्याआधीच्या वर्षी तेवीस होती. आणि एक गोष्ट बिलात येत नाही ती अशी, की मी तोंड मिटून झोपायला लागले होते. अर्ध्या मात्रेवर परत सुरू केलं. त्यानंतर मी सिस्टरना एवढी खरी उत्तरं द्यायची, की एकदा पायाला काटा लागला तेही सांगितलं.

घरचंही सांगायला हवं. पिंजारीमामांना नाही म्हणणं जड गेलं, वीस वर्षांचा माणूस. गाद्या बदलल्या, खोळी शिवून घेतल्या, कपाट भिंतीपासून वीतभर पुढं ओढलं, खालच्या खोलीचं प्लास्टर नवं केलं. गोधडी सासूबाईंनी माझ्या नकळत बंबातल्या कढत पाण्यात बुडवली. माझ्या माहेरची वस्तू! मी दोन दिवस बोलले नाही. पातळांचा रंग गेला, टाके मात्र जसेच्या तसे. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर चार दिवस वाळली. आता दर महिन्याला तिला तसंच आंघोळ घालतो, आणि ती माझ्या नाही, ह्यांच्या पायावर असते.

खर्च विचारतात म्हणून सांगते: कुप्या, फेऱ्या, तपासण्या धरून मला महिन्याला सरासरी दीड हजाराच्या आसपास पडले. सुरुवातीचे महिने महाग, पुढचे स्वस्त. त्यातून गोळ्या-थेंबांचा वाचलेला खर्च वजा करायचा की नाही, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

मार्च २०२४ ला तीन वर्षं भरली आणि थांबवलं. तीनच का, याचं उत्तर डॉक्टरांनी एका ब्रिटिश अभ्यासावरून दिलं. तीन-चार वर्षं गवताच्या परागकणांची इंजेक्शनं घेतलेल्या लोकांचा आराम, ती बंद केल्यावर पुढं तीन वर्षं टिकलेला दिसला होता. १९९९ साली ते छापून आलं. काहींना त्रास परत येतो, मग पुन्हा सुरू करतात. मला येईल की नाही कुणी सांगत नाही.

धाकट्या दिरांच्या मुलाला, नऊ वर्षांच्या, माइटचंच निघालं. त्याला थेंब दिलेत. पहिला थेंब दवाखान्यात, पुढचे घरी. जिभेखाली दोन मिनिटं धरायचे, मग गिळायचे. पहिला आठवडाभर तोंडात खाज आली, मग गेली. बाटली फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात नको, आणि गोठवायचीही नाही. दोन मिनिटं त्यानं बोलू नये म्हणून सासूबाई त्याच्यासमोर बसून घड्याळ बघतात. त्यांच्या मते ही दोन मिनिटं घरातली सर्वांत शांत.

गेल्या जुलै ते नोव्हेंबरात माझी बिलं तीन. त्यातलं एक दिवाळीच्या साफसफाईचं, माळा झाडताना मास्क लावला नव्हता. सकाळी शिंका येतात, दोन-तीन. गोळीची पट्टी पर्समध्ये आहे, तिच्यावरची तारीख उलटून गेली तेव्हा नवी घेतली. यार्डात नव्या हळदीचे सौदे सुरू आहेत आणि हमालमामा विचारतात, "ताई, आता सोसती व्हय हळद?" माइट म्हणजे काय ते मी त्यांना दोनदा सांगून बघितलं. आता नुसतं "व्हय" म्हणते.